खाण बंद, धूळ चालू

झांबियातल्या कबवे शहरात कसांडा नावाची वस्ती आहे. तिथे अंगण झाडणं हे धोक्याचं काम मानतात. बैठी घरं, पुढे मोकळी माती, गवताचं पातं क्वचितच. झाडू फिरला की धुरळा उठतो आणि उंबरठ्यावर, भांड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, रांगणाऱ्या मुलाच्या तळहातांवर बसतो. आरोग्य कार्यकर्ते सांगतात, आधी पाणी शिंपडा, मग झाडा. सडा घालून अंगण झाडणाऱ्या आपल्या आजीला यात नवं काही वाटलं नसतं. पण मे ते ऑक्टोबर तिथे पाऊस नसतो आणि पाणी दुरून आणावं लागतं. ते प्यायचं की जमिनीवर ओतायचं, हा प्रश्न रोजच पडतो. शेवटी कोरडाच झाडू फिरतो.

या धुळीत शिसं आहे. ते जिथून आलं ती खाण जून १९९४ मध्ये बंद झाली. आज कसांडात जी मुलं रांगतात, त्यांच्या अनेक आयांचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता.

कबवे लुसाकाच्या उत्तरेला साधारण १४० किलोमीटरवर आहे, लोकसंख्या दोन लाखांच्या वर. इंग्रजी अमदानीत या गावाचं नाव होतं ब्रोकन हिल. १९०२ साली इथल्या टेकड्यांमध्ये शिसं आणि जस्त सापडलं, आणि ऑस्ट्रेलियातल्या प्रसिद्ध खाणीची आठवण म्हणून गावालाही तेच नाव चिकटलं. १९०६ साली दक्षिणेकडून रेल्वे इथवर पोहोचली आणि खाण सुरू झाली. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं शिसं, जस्त आणि काही काळ व्हॅनेडियम असा माल इथून जगभर गेला.

कबवेची जगाला दुसरी ओळख आहे ती एका कवटीमुळे. १९२१ साली टॉम झ्विग्लार नावाच्या खाणकामगाराला खणताना एक मानवी कवटी सापडली. भुवयांची हाडं जाड, कपाळ मागे कललेलं. आजच्या माणसाच्या आधीच्या मानवजातीची ती कवटी सुमारे तीन लाख वर्षं जुनी असावी, असा निष्कर्ष २०२० मध्ये निघाला. कवटी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे आणि ती परत मिळावी अशी झांबियाची जुनी मागणी आहे. ज्या टेकडीत ती सापडली ती टेकडी मात्र खोदून खोदून नाहीशीच झाली. किमती ते सगळं बाहेर गेलं आणि गाळ तेवढा गावाच्या वाट्याला आला, असं कबवेबद्दल म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

हा गाळ दोन प्रकारचा. धातू वितळवून काढल्यावर भट्टीत उरलेली काळी मळी, आणि दळलेल्या खनिजातून धातू वेगळा केल्यावर उरलेला बारीक चुरा. लाखो टनांचे हे ढीग उघड्यावर पडून आहेत. त्यातल्या सगळ्यात मोठ्याला लोक ‘ब्लॅक माउंटन’ म्हणतात. खाण चालू असताना भट्टीच्या धुराड्यांतून जे शिसं हवेत गेलं, ते वेगळंच. इथला वारा बहुतेक काळ पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो, म्हणून खाणीच्या पश्चिमेच्या कसांडा आणि मकुलुलू या वस्त्यांवर सगळ्यात जास्त राख बसली. कसांडा मुळात खाणकामगारांसाठी वसवलेली. मकुलुलू ही नंतर आपोआप वाढलेली, मातीच्या रस्त्यांची, गरिबांची.

मातीत शिसं किती असलं की चालतं? अमेरिकेत मुलं खेळतात त्या मातीसाठी कित्येक वर्षं किलोमागे ४०० मिलिग्रॅम ही धोक्याची रेघ होती. २०२४ च्या जानेवारीत तिथल्या पर्यावरण खात्याने ती २०० वर आणली. कबवेच्या काही जागी किलोमागे ६०,००० मिलिग्रॅमपर्यंत शिसं सापडलं आहे. म्हणजे शंभर किलो माती उचलली तर त्यात सहा किलो शिसं. मनात येतं की काही खाणमालकांना खनिजातही याहून कमी धातूवर भागवावं लागत असेल.

शिसं पोटात जातं कसं, हे नीट पाहायला हवं. बहुतेकांना वाटतं ते पाण्यातून जातं. खाणीजवळच्या गावांत पाण्याची भीती खरी आहेच, पण लहान मुलांच्या बाबतीत मुख्य रस्ता हाताचा आहे, हातातून तोंडात. एक-दोन वर्षांचं मूल जमिनीवर असतं. पडलेली वस्तू उचलून चाखतं, अंगठा चोखतं, मातीच्या हाताने भाकरीचा तुकडा खातं. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्याचा चेहरा धुळीच्या कितीतरी जवळ असतो. त्यात त्याचं आतडंही शिशाच्या बाबतीत उदार. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ माणूस साधारण दहा टक्के रक्तात घेतो, लहान मूल चाळीस-पन्नास टक्के. अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर हे प्रमाण आणखी वाढतं, कारण या दोन्ही गोष्टी आत नेण्यासाठी शरीराने जी दारं ठेवली आहेत त्यांतूनच शिसंही घुसतं. म्हणजे कुपोषित मुलाला त्याच धुळीचा त्रास जास्त.

खनिजाचं रूपही महत्त्वाचं. शिशाचं सगळ्यात सर्रास मिळणारं खनिज म्हणजे गॅलेना, शिसं आणि गंधकाचं संयुग. पोटातल्या आम्लात ते तसं सावकाश विरघळतं. पण भट्टीतून उडालेल्या धुळीत शिशाची ऑक्साइडं असतात, आणि हवा-पाण्याशी संबंध येऊन जुन्या ढिगाऱ्यांतही कार्बोनेटं तयार होतात. ही पटकन विरघळतात. शिवाय कण जितका बारीक, तितका तो बोटाला चिकटतो आणि तितकं त्यातलं शिसं लवकर सुटं होतं. म्हणूनच जिथे खनिज नुसतं खणलं, तिथल्यापेक्षा जिथे ते दळलं आणि भाजलं तिथली माती जास्त वाईट.

कबवेच्या अंगणांत मोकळ्या सोडलेल्या कोंबड्याही चरतात. संशोधकांनी त्या तपासल्या तेव्हा त्यांच्या यकृतात आणि मूत्रपिंडात शिसं सापडलं. कोंबडी माती टोचते, मूल तीच माती हाताने उकरतं. एकाच्या अंगात जे सापडतं ते दुसऱ्याच्या अंगात सापडलं तर नवल नाही. गरोदरपणी माती खाण्याचे डोहाळे आपल्याकडे ठाऊक आहेत, आफ्रिकेतही आहेत. शिशाच्या गावात हे डोहाळे फार महाग पडतात.

शरीरात शिरल्यावर शिसं कॅल्शियमचं सोंग घेतं. रक्तात ते सुमारे महिनाभर टिकतं, मग बरंचसं हाडांत जाऊन बसतं आणि तिथे दशकानुदशकं राहतं. प्रौढाच्या अंगातल्या शिशापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त हाडांत असतं. ही शरीराने न मागता ठेवलेली मुदतठेवच म्हणायची, आणि ती मोडते नेमकी नको त्या वेळी. गरोदरपणात बाळाच्या हाडांसाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं, त्याबरोबर तिच्या लहानपणी साठलेलं शिसंही निघतं आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचतं. कसांडात वाढलेली मुलगी पुढे लग्न होऊन दूर गेली, तरी तिच्या पहिल्या बाळाला कसांडाच्या मातीचा वाटा मिळू शकतो.

रक्तात शिसं हिमोग्लोबिन बनवण्याच्या साखळीतल्या दोन-तीन कड्या तोडतं, त्यामुळे पंडुरोग होतो. पोटात कळा येतात, बद्धकोष्ठ होतो. प्रौढांचा रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं झिजतात. पण सगळ्यात मोठं नुकसान मुलांच्या मेंदूचं. चेतापेशींमधले निरोप कॅल्शियमच्या जोरावर चालतात आणि तिथे शिसं ढवळाढवळ करतं. पातळी फार चढली तर आकडी येते, मूल बेशुद्ध होतं, दगावतं. पण बहुतेक मुलांच्या बाबतीत असं काही दिसत नाही. मूल खातं, पितं, खेळतं. फक्त शिकलेलं लक्षात राहत नाही, एका जागी बसवत नाही, चिडतं. शाळेत त्याला ‘ढ’ म्हणतात. दोन-चार वर्षांचं असताना त्याच्या रक्तात काय होतं, हे तेव्हा कुणी पाहिलेलं नसतं. आणि मेंदूचं झालेलं नुकसान पुढे भरून येत नाही.

किती शिसं ‘चालतं’, याचं उत्तर वर्षांगणिक खाली येत गेलं आहे. एक डेसिलिटर रक्तात १९६० च्या दशकात ६० मायक्रोग्रॅम शिसं असलं तरी अमेरिकेत डॉक्टर फार काळजी करत नसत. १९७५ साली ही रेघ ३० वर आली, १९८५ मध्ये २५ वर, १९९१ मध्ये १० वर, २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर. प्रत्येक वेळी नव्या अभ्यासात दिसलं की रेघेच्या खालच्या मुलांनाही इजा होते आहे. सुरक्षित म्हणता येईल अशी पातळी सापडलेली नाही, असं आता जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते.

हे आकडे डोक्यात ठेवून कबवेकडे पाहा. झांबिया विद्यापीठ आणि जपानच्या होक्काइदो विद्यापीठाच्या संशोधकांनी सात वर्षांखालच्या २४६ मुलांचं रक्त तपासलं आणि निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. कसांडा आणि मकुलुलूमधल्या सगळ्या मुलांची पातळी ५ च्या वर होती. सगळ्या. आठ मुलांची तर १५० च्या वर, जिथे मूल जगलं याचंच आश्चर्य वाटावं. आणि ही बातमी काही नवी नव्हती. १९७० च्या दशकात, खाण चालू असताना, खाणीतल्या डॉक्टरांनीच मुलांच्या रक्तात शिसं मोजलं होतं आणि ते भयंकर आहे हे लिहून ठेवलं होतं.

इथे वाचक विचारेल, औषध नाही का? आहे. सक्सिमर नावाचं तोंडाने घ्यायचं औषध शिशाला पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. पातळी ४५ च्या वर गेली की मुलांना ते देतात. पण औषध रक्तातलं शिसं काढतं, हाडांतलं जेमतेम हलवतं. काही आठवड्यांत हाडांतून रक्तात पुन्हा शिसं उतरतं आणि आकडा चढतो. आणि मूल औषध घेऊन त्याच अंगणात परतलं, तर सगळा खटाटोप वाया. म्हणून शिशाच्या विषबाधेत अंगण हा औषधाचाच भाग मानावा लागतो. डॉक्टरच्या चिठ्ठीवर तो लिहिता येत नाही, एवढंच.

अंगण बदलता येतं, हे अमेरिकेत दिसलं. ओक्लाहोमाच्या ईशान्य कोपऱ्यात पिचर नावाचं खाणगाव होतं. ओक्लाहोमा, कॅन्सस आणि मिसुरी या तीन राज्यांच्या सीमेवरच्या शिसं-जस्ताच्या पट्ट्यातलं हे सगळ्यात श्रीमंत ठिकाण. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला लागलेल्या शिशाचा फार मोठा भाग इथून गेला. जमीन क्वापॉ जमातीची होती, नफा मात्र बहुतेक दुसऱ्यांचा. १९७० च्या सुमारास खाणी बंद झाल्या आणि मागे खड्यांचे प्रचंड ढीग उरले, काही दोनशे फूट उंच. लोक या खड्यांना ‘चॅट’ म्हणत. मुलं त्यावरून घसरत, सायकली चालवत. घरोघरी चॅट रस्त्यावर, अंगणात, बाळांच्या खेळायच्या वाळूच्या चौकटीतही टाकलेलं असे. फुकट आणि हवं तितकं मिळत असल्यावर कोण नाही म्हणेल?

आधी लक्षात आलं ते पाणी. पंप बंद पडल्यावर खाणीत पाणी भरत गेलं आणि १९७९ मध्ये टार क्रीक नावाच्या ओढ्यात आम्लयुक्त पाणी वर येऊ लागलं. ओढा गंजाच्या रंगाचा झाला. १९८३ मध्ये सरकारने ही जागा सर्वांत धोकादायक जागांच्या यादीत घातली आणि बरीच वर्षं फक्त पाण्याच्या मागे लागलं. मुलांचं रक्त तपासलं गेलं १९९० च्या दशकात. तपासलेल्या आदिवासी मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुलांची पातळी १० च्या वर निघाली. मग दोन हजारांहून जास्त अंगणांतली माती उकरून बदलली. आयांना हात धुण्यापासून ओल्या फडक्याने पुसण्यापर्यंत सगळं शिकवलं. मुलांच्या रक्तातलं शिसं खरोखर घटलं. या विषयात ‘उपाय लागू पडला’ असं ठामपणे म्हणता येईल अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

तरी पिचर वाचलं नाही. गावाखालची जमीन खाणींनी इतकी पोखरलेली होती की २००६ च्या पाहणीत बहुतेक इमारतींना खचण्याचा धोका निघाला. सरकारने घरं विकत घ्यायला सुरुवात केली. १० मे २००८ रोजी मोठ्या चक्रीवादळाने उरलेल्यांपैकी अनेकांची घरं उडवली, आणि २००९ मध्ये पिचर नगरपालिका म्हणून संपलं. क्वापॉ जमातीने स्वतः ढीग हटवायचं काम हाती घेतलं. ते अजून चालू आहे.

पिचरची वस्ती शेवटी जेमतेम दीड-दोन हजार होती. कबवेत दोन लाखांवर माणसं आहेत. गावच विकत घेऊन रिकामं करण्याचा अमेरिकी तोडगा इथे कुणी उच्चारतही नाही. जागतिक बँकेच्या कर्जातून दोनदा काम झालं, २००३ ते २०११ आणि पुन्हा २०१६ पासून. खाणीतून शहरात येणारा कालवा उपसला, हजारो मुलांची तपासणी केली, औषधं दिली, काही वस्त्यांतली माती बदलली. चोवा वस्तीत काही अंगणांवर प्युअर अर्थ या संस्थेने स्वच्छ माती घातली. प्रश्न असा की अंगण स्वच्छ आणि समोरचा रस्ता मातीचा. उन्हाळ्यात वारा सुटला की ढिगावरची आणि रस्त्यावरची धूळ पुन्हा नव्या मातीवर. निदान रस्ते तरी आधी डांबरी करा, ढीग आधी झाका, असं तज्ज्ञ सांगत आले. अंगण सुटं सुटं साफ करता येतं, छायाचित्रात छान दिसतं. ढीग मात्र मोठ्या खर्चाशिवाय हलत नाही. पैसे कुठे जातात ते यातूनच कळतं.

आपल्याला हे सगळं दूरचं वाटतं, कारण महाराष्ट्रात शिशाच्या मोठ्या खाणी नाहीत. पण शिसं आपल्या घरात वेगळ्या वाटेने येतं. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर हे शिशाचंच ऑक्साइड आहे. देवावर असताना ठीक, पण त्याच हाताने बाळाला घास भरवणं बरं नव्हे. आणि जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवणाऱ्या छोट्या भट्ट्यांच्या आजूबाजूची माती एखाद्या खाणगावाला शोभेल अशी असू शकते.

कबवेत ढिगांवरही माणसं काम करतात. खडी फोडणारे आहेत, मळीतून शिसं-जस्त वेचून विकणारे आहेत. बायका मुलं पाठीला बांधून किंवा शेजारी बसवून काम करतात. त्यांना धोका माहीत नाही, असं नाही. माहीत आहे, पण दुसरं काम नाही. ‘जनजागृती’ हा शब्द मी इथे मुद्दाम टाळतो आहे, कारण त्यात अज्ञानाचा दोष लोकांवर जातो.

ज्या ऑस्ट्रेलियन ब्रोकन हिलवरून कबवेला नाव मिळालं, तिथे खाण अजून चालू आहे. १९९० च्या दशकापासून तिथल्या लहान मुलांचं रक्त नियमित तपासतात आणि ज्याचा आकडा चढला त्याच्या घरी जाऊन धूळ कुठून येते ते शोधतात. मुलं तिथेही पूर्ण सुटलेली नाहीत, पण प्रत्येकाचा आकडा कुणाला तरी माहीत असतो. कबवेत तपासणी प्रकल्पांबरोबर येते आणि प्रकल्पांबरोबर संपते.

पैसे कुणी द्यायचे, हा वाद आता कोर्टात आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये कबवेतल्या मुलांच्या आणि बायकांच्या वतीने जोहान्सबर्गच्या हायकोर्टात अँग्लो अमेरिकन या खाणकंपनीच्या दक्षिण आफ्रिकी शाखेविरुद्ध सामूहिक दावा लावला गेला. एक लाखाहून जास्त लोकांना भरपाई मिळावी अशी मागणी होती. वकिलांचं म्हणणं, १९२५ ते १९७४ या काळात, जेव्हा बहुतेक शिसं बाहेर पडलं, तेव्हा खाणीची सूत्रं या कंपनीकडे होती. कंपनीचं म्हणणं, आमचा हिस्सा थोडा होता, आम्ही तांत्रिक सल्ला देत होतो, खाण आम्ही चालवली नाही. आणि १९७४ नंतर वीस वर्षं ती झांबिया सरकारच्या कंपनीने चालवली, त्याचं काय? डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टाने सामूहिक दाव्याला नकार दिला. पुढे अपिलाची परवानगी मिळाली.

दरम्यान झांबिया सरकारने याच ढिगांमधून उरलेलं शिसं-जस्त काढण्याचे परवाने खाजगी कंपन्यांना दिले. धातूचे भाव चढे असताना जुनी मळीही पुन्हा दळून, भाजून विकणं परवडतं. २०२५ मध्ये ह्युमन राइट्स वॉच या संघटनेने नोंदवलं की ट्रक भरून मळी शहराच्या इतर भागांत नेली जाते आहे आणि तिथे नवे ढीग उभे राहत आहेत, काही वस्त्यांना लागून.